अक्षरशत्रू कोणास म्हणावे?

ज्ञानोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्यात आळंदीहून निघाली म्हणजे दुसऱ्या दिवशी दिघीवरून आमच्या विश्रांतवाडीस येते व पुढे पुण्याची वाट धरते. सकाळपासूनच आळंदी रस्त्याच्या दोन्ही अंगांस केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहाच्या किटल्या आणि पाण्याची पिंपे घेऊन मंडळी उभी असतात. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून मी एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर बसून दर्शन घेतो. गेल्या ज्येष्ठात असाच बसलो असता, वारकऱ्यांना पाणी वाटणारा एक चाळिशी उलटलेला गृहस्थ हातातले भांडे खाली ठेवून मजकडे आला आणि पाया पडला. नखांत काळे वंगण, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मला ओळख पटेना.

"ओळखलं नाहीत, गुरुजी? मी रेडा."

हे त्याने हसत हसत सांगितले. स्वरात कडवटपणाचा लेशही नव्हता. पण ते दोन शब्द ऐकून माझी काय अवस्था झाली तिचे वर्णन मी करीत बसत नाही. ते नाव त्याला मीच ठेवले होते.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी तो माझ्या पाचवीच्या वर्गात होता. अंगाने थोराड, स्वभावाने गरीब, बसण्याची जागा शेवटच्या बाकावर. धडा वाचावयास उभा केला की पहिल्या ओळीतच अडखळे. ‘घर’ चे ‘धर’ होई, मधला एखादा शब्द गिळला जाई, आणि ओळ संपता संपता पुढच्या ओळीवर जाण्याऐवजी तो पुन्हा त्याच ओळीच्या आरंभी येई. तोच मुलगा माझ्या तोंडून ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी अथपासून इतिपर्यंत बिनचूक सांगे, हेही मी पाहिले होते. आणि म्हणूनच हा लबाडी करतो, अशी माझी खात्री होऊन बसली. "ज्ञानोबांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, मला या रेड्याच्या तोंडून एक धडा वदविता येत नाही," असा विनोद मी एके दिवशी वर्गात केला. मुले हसली. वर्ग हसला की मास्तराला फार बरे वाटते. तो विनोद मी वर्षभर चालविला. पुढे सहावीनंतर तो मुलगा शाळेत दिसला नाही, आणि मीही चौकशी केली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी तो पत्नी व मुलगा यांसह माझ्या घरी आला. धानोरीच्या रस्त्याला त्याचे पंप व मोटारी यांचे वाइंडिंग करून देण्याचे दुकान आहे. हाताखाली दोन पोरे आहेत. कोणत्या मोटारीस कोणत्या जाडीची तार आणि किती वेढे, हे त्याला तोंडपाठ. उधारीचा हिशेबही सारा डोक्यात. सही मात्र तो चित्र काढावे तशी सावकाश काढतो. मुलगा नऊ वर्षांचा, नुकताच चौथीत गेलेला, जवळच्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. शाळेने त्याच्या डायरीत इंग्रजीत चार ओळी लिहून धाडल्या होत्या. मुलगा अभ्यासात अतिशय मागे आहे, त्याच्यामुळे वर्ग खोळंबतो, सबब पालकांनी अन्य शाळेचा विचार करावा, असा त्यांचा भावार्थ. तो मी वाचून दाखविला तेव्हा मुलाची आई खाली मान घालून बसली.

मी मराठीचे एक पुस्तक मुलापुढे ठेवले. त्याने वाचावयास आरंभ केला आणि पहिल्याच ओळीत ‘घर’ चे ‘धर’ झाले. तीस वर्षांपूर्वीचा तोच वर्ग पुन्हा भरल्यासारखे मला वाटले. मग सहज विचारले, "बाळ, तुला तोंडपाठ काही येते काय?" तो म्हणाला, "हरिपाठ येतो. आजीबरोबर म्हणतो." आणि टाळ्यांचा ताल धरून त्याने अभंगामागून अभंग असे म्हटले की मध्ये कोठे ठेच नाही, उच्चारात दोष नाही.

"माझं झालं ते झालं, गुरुजी," बाप म्हणाला, "पण ह्याचं तसं नको. शाळेला काय लिहायचं ते तुम्ही लिहून द्या."

आम्हा संस्कृत शिकलेल्या मास्तरांजवळ अशा मुलांविषयी एक तयार समर्थन असते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात आत्रेयी लव-कुशांच्या बुद्धीविषयी बोलताना सांगते की, गुरू हुशार व मंद या दोघांनाही विद्या सारखीच देतो, अंतर पडते ते फळात, स्वच्छ मण्यात प्रतिबिंब उमटते, मातीच्या ढेकळात उमटत नाही. हा श्लोक मी शिक्षकांच्या खोलीत किती वेळा म्हटला असेल त्याची गणती नाही. त्यात मोठी सोय अशी की दोष गुरूकडे कधी येतच नाही. परंतु त्याच संस्कृतात दुसराही एक गुरू आहे. अमरशक्ती राजाच्या तीन शास्त्रविमुख पुत्रांना हाताशी धरताना विष्णुशर्म्याने व्याकरणाच्या पोथ्या बाजूस ठेवल्या, पशुपक्ष्यांच्या गोष्टी सांगितल्या, आणि सहा महिन्यांची मुदत स्वतःवर घालून घेतली. मुले तीच, विषयही तोच राजनीतीचा. बदलली ती शिकविण्याची वाट. पंचतंत्र मी वर्गात वर्षानुवर्षे शिकविले, पण त्याचा हा पहिलाच प्रसंग मला कधी आपल्या कामाचा वाटला नाही.

अर्ज लिहिण्यापूर्वी या विषयाची माहिती करून घ्यावी म्हणून मी पुस्तके व कायद्याचे कागद धुंडाळले. ज्याला हल्ली ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात तो शब्द रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने 1887 साली योजिला. 1896 साली इंग्लंडातील सीफर्ड गावच्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात कोणास न हार जाणारा, अंकगणित बरे. दृष्टीत दोष नाही. पण छापील शब्द म्हणजे त्याला जणू भिंत. त्या लेखात त्याच्या शिक्षकाचे मत नमूद आहे: सर्व शिक्षण तोंडी दिले असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. हे वाचून मी पुस्तक मिटले. त्या शिक्षकास जे दिसले ते मलाही दिसले होते. त्याने त्यावरून मुलाच्या हुशारीचा निष्कर्ष काढला, मी लबाडीचा काढला.

पुढे 1963 साली सॅम्युएल कर्क या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने ‘अध्ययन अक्षमता’ या अर्थाची संज्ञा प्रचारात आणली. वाचनाची, लेखनाची किंवा गणिताची अडचण, बुद्धी मात्र सर्वसाधारण किंवा त्याहूनही सरस, असे तिचे स्थूल स्वरूप. ही अडचण पुष्कळदा घराण्यात उतरते, हेही संशोधनाने सिद्ध झाले आहे. बाप-लेकांच्या त्या ‘धर’चा उलगडा मला तेव्हा झाला.

येथे जरा आडवाटेस जातो. सर्व शिक्षण तोंडी असलेली शाळा ही काही केवळ कल्पना नव्हे. आपल्या वेदपाठशाळा नेमक्या तशाच होत्या. गुरुमुखातून संथा घ्यावयाची, पदपाठ, क्रम, जटा, घन असे एकाच मंत्राचे उलटसुलट पाठ कानाने व जिभेने पक्के करावयाचे. इतकेच नव्हे, तर पाणिनीय शिक्षेत जे सहा प्रकारचे अधम पाठक सांगितले आहेत, त्यांत लिहिलेले पाहून म्हणणारा हाही एक आहे! ज्या परंपरेत वाचून म्हणणे हे कमीपणाचे लक्षण मानले जाई, तिच्याच आम्हा वारसांनी पुढे वाचता न येणे हे बुद्धीच्या अभावाचे लक्षण ठरवावे, हा काळाचा विनोद खरा. पर्सी एखाद्या पाठशाळेत जन्मता तर कदाचित घनपाठी झाला असता. अर्थात आजच्या जगात अक्षराशिवाय गत्यंतर नाही. मोटारीचे वाइंडिंग करणाऱ्यासही वस्तू व सेवा कराचा कागद भरावा लागतो. म्हणून वाचावयास शिकविणे भागच आहे; प्रश्न आहे तो कसे शिकवावयाचे एवढाच.

आपली देवनागरी शास्त्रशुद्ध, जसे बोलावे तसे लिहावे, असे आपण अभिमानाने सांगतो, आणि इंग्रजीशी तुलना करता ते खरेही आहे. पण एकदा मुलाच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहावे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’ ही जुळी भावंडेच. ‘र’ आणि ‘व’ जवळ जवळ आले की ‘ख’ झाला. पहिली वेलांटी काढावयाची अक्षराच्या आधी, उच्चारावयाची मात्र अक्षरानंतर. रफाराचे याच्या नेमके उलट: ‘सर्व’ म्हणताना ‘र’ आधी उच्चारावयाचा, तो बसतो पुढच्या ‘व’च्या डोक्यावर. हा ‘र’ तर बहुरूपीच आहे. ‘अर्पण’मध्ये तो वर चढतो, ‘प्रकाश’मध्ये तिरपी रेघ होऊन खाली लटकतो, ‘राष्ट्र’मध्ये ‘ट’च्या पोटाखाली दोन पाय पसरून बसतो, आणि ‘सुऱ्या’मध्ये निराळाच आकडा होतो. डोळ्याने नुसते डावीकडून उजवीकडे जाऊन भागत नाही. वर मात्रा, खाली उकार, मागे वेलांटी अशी धावपळ करावी लागते. शंभरातील बहुतेक मुलांना हे सारे आपोआप अंगवळणी पडते, म्हणून शिकविणाऱ्यास त्यातील अवघडपणा कधी जाणवतच नाही. ज्याला ते आपोआप येत नाही, त्याला एकेक गोष्ट फोड करून, पुन्हा पुन्हा, डोळा, कान आणि हात हे तिन्ही एकदम कामाला लावून शिकवावी लागते.

पण अडखळणारे प्रत्येक मूल या सदरात मोडते असे मात्र नव्हे, आणि येथे वाचकांस सावध करणे अवश्य आहे. सहा वर्षांच्या मुलाने अक्षर उलटे काढले तर घाबरण्याचे कारण नाही; आठ-नऊ वर्षांचे होऊनही, नीट शिकवूनही तीच चूक टिकली तर विचार करावा. आधी डोळे तपासावेत, मग कान. मूल नियमाने शाळेत जाते काय, घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी अशी त्याची कुचंबणा होत नाही ना, हे पाहावे. शिवाय पुष्कळांना वाचता येत नाही ते केवळ नीट शिकविले न गेल्यामुळे. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी 2018 साली शेकडा 50.5 होती, टाळेबंदीनंतर 2022 साली ती 42.8 वर आली. ही सारी मुले काही अध्ययन-अक्षम नव्हेत. तेव्हा घरबसल्या निदान करू नये, शेजारणीच्या सल्ल्यानेही करू नये. स्मरणशक्तीच्या बाटल्या, घृते, खडे, तोडगे यांवर पैसा दवडू नये. या अडचणीवर औषध नाही, शिकवणी हाच उपाय आहे. आणि ‘तारे जमीन पर’ हा 2007 सालचा चित्रपट पाहून आपल्या मुलातही एखादा चित्रकार दडला असेल अशी वाट पाहत राहू नये. त्या चित्रपटाने घरोघरी हा विषय पोहोचविला, हे त्याचे उपकार मोठे. पण मुलाने असामान्य निघालेच पाहिजे, ही आणखी एक परीक्षा त्याच्यावर कशासाठी लादावयाची?

आता अर्जाविषयी. पूर्वी असा अर्ज म्हणजे केवळ विनवणी होती. आज तसे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अंमलात आला असून त्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. त्याच्या 16 व्या कलमाने मान्यताप्राप्त शाळांवर असे कर्तव्य घातले आहे की, अशी अडचण शक्य तितक्या लवकर हेरावी आणि तीवर मात करण्यासाठी योग्य ते शैक्षणिक उपाय योजावेत. केंद्र शासनाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी तर तिसरीच्या सुमारास, म्हणजे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, शाळेतील शिक्षकांनीच पहिली चाचपणी करावी असे ठरवून दिले. दुसरीकडे, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 16 व्या कलमान्वये प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस नापास करण्याची मुभा आली, काढून टाकण्याची आली नाही. त्याच कायद्याचे 17 वे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई करते. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा शिक्षण हक्क कायदा 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे लागू नाही, हे ध्यानात ठेवावे.) सतरावे कलम वाचताना माझा विनोद मला आठवला, हे निराळे सांगावयास नको.

मी अर्ज मराठीत लिहिला, इंग्रजीत नव्हे. पाठीमागे एक इंग्रजी प्रत जोडली. भाषा नम्र ठेवली, पण ‘कृपा करावी’ असे कोठे लिहिले नाही. मुलाला काय येत नाही हे शाळेला ठाऊकच होते. म्हणून काय येते ते आधी लिहिले. हरिपाठ, तोंडी हिशेब, ऐकलेल्या धड्याची उत्तरे. नंतर वहीतील चुकांचे चार नमुने तारखांसह दिले. मग मागणी अशी की, शाळेने मुलाची चाचपणी करून तिचा लेखी निष्कर्ष द्यावा. आणि ती होईपर्यंत त्यास पहिल्या बाकावर बसवावे, वर्गापुढे उभे करून मोठ्याने वाचावयास लावू नये, फळ्यावरील मजकूर उतरून घेण्याऐवजी तो लिहिलेला कागद द्यावा, व परीक्षेत प्रश्न वाचून दाखवून उत्तरे तोंडी घ्यावीत. यांतील एकाही गोष्टीस पैसा लागत नाही, आणि यांतील एकाही गोष्टीसाठी वैद्याच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. शेवटी कलमांचा उल्लेख दोनच ओळींत केला. कायदा हा अर्जाच्या पायाशी असावा, डोक्यावर बसवू नये.

बापाने सही केली. मी घड्याळ पाहिले नाही, पण पुष्कळ वेळ लागला.

शाळेच्या कचेरीत प्रथम अर्ज घेण्यासच नकार मिळाला. तोंडी बोला, म्हणाले. आम्ही पोच मिळाल्याखेरीज हलणार नाही असे सांगून बाकावर बसून राहिलो. (वाचकहो, अर्ज कितीही चांगला असो, पोच नसेल तर तो लिहिलाच नाही असे समजावे.) अखेर शिक्का मिळाला आणि आठवड्याने मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावणे पाठविले. त्या दुष्ट नव्हत्या, दमलेल्या होत्या. एका वर्गात पन्नासाच्या आसपास मुले, शिक्षिका कंत्राटी, पालकांचा तगादा निकालाचा. "आमच्याकडे विशेष शिक्षक नाही, गुरुजी," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत. ही उणीव खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 ऑक्टोबर 2021 च्या निर्णयानंतर केंद्र शासनाने 2022 साली प्राथमिक शाळांत अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण घालून दिले; पण प्रमाण कागदावर येणे निराळे आणि शिक्षक वर्गात येणे निराळे. मी त्यांना म्हणालो, "बाई, मीही विशेष शिक्षक नव्हतो. माझ्या वर्गातही कोणी विशेष शिक्षक नव्हता. त्याचे काय झाले ते हे गृहस्थ आपल्यापुढे बसले आहेत." मग त्या बापाशी बोलू लागल्या. ते बोलणे मी येथे लिहीत नाही. पण डायरीतील त्या चार ओळी त्यांनी मागे घेतल्या, आणि चाचपणी करण्याचे लिहून दिले.

ही चाचपणी मुलाच्या स्वतःच्या भाषेत व्हावी, हे मी मुद्दाम सांगेन. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी-सामग्री सिद्ध केली. 2015 साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा हिंदी, कानडी व इंग्रजी यांबरोबर मराठीतही होती, आणि तिच्यात वर्गशिक्षकाने भरावयाची प्राथमिक प्रश्नावलीही आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास केवळ इंग्रजीत तपासले, तर अडचण वाचनाची की इंग्रजीची हे कळावे कसे?

शाळेच्या निष्कर्षानंतरचा मार्ग रुग्णालयाचा. प्रमाणपत्रासाठी 1 जून 2021 पासून ‘स्वावलंबन’ या शासकीय संकेतस्थळावरून अर्ज करावा लागतो. पुणेकरांस सोयीचे म्हणजे ससून सर्वोपचार रुग्णालय. बालरोगतज्ज्ञ मुलास तपासतात, डोळे व कान पाहिले जातात, मग मानसशास्त्रज्ञ बुद्धीची आणि वाचन-लेखन-गणिताची निरनिराळी परीक्षा घेतात. 2018 च्या सूचनांनी आठ वर्षे पुरी झाल्यावरच प्रमाणपत्र द्यावे, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हावी असे ठरविले होते. हे काम एका खेपेत होत नाही; रोजगार बुडतो, म्हणून आईबापांनी खेपांची तयारी ठेवूनच निघावे. सोबत वह्या न्याव्यात. वह्या खोटे बोलत नाहीत, आणि मुलाला घाबरून बोलता आले नाही तर त्याच्या वतीने त्याच बोलतात.

प्रमाणपत्र हाती आले म्हणजे पुढे शालान्त परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सूट, गणिताचा सोपा पर्याय, एखाद्या भाषेतून सुटका अशा सवलती नियमांप्रमाणे मिळू शकतात. यांपैकी वाढीव वेळ व लेखनिक अवश्य घ्यावा. भाषेतून सुटका घेताना मात्र पुष्कळ घरी मराठीच सोडली जाते, ते माझ्या मनास पटत नाही. ज्या मुलाला सारे ज्ञान कानांनी मिळवावयाचे आहे, त्याच्या कानात भरलेली भाषाच आपण प्रथम काढून घेतो. निदान तोंडी तरी तिचा अभ्यास चालू ठेवावा.

मोटार-वाइंडिंगवाल्याच्या मुलाची हकीकत या मासिकाच्या वाचकांस सांगण्यात माझा एक हेतू आहे. त्या गृहस्थाने भर रस्त्यात माझे पाय धरले, घरी येऊन मुलाची वही उघडून दाखविली, आणि मदत मागितली. आपल्या घरांतून हे घडत नाही. विद्या हे आपले वंशपरंपरागत धन, अशी आपली समजूत. त्यामुळे एखादे मूल वाचीना झाले की ती घराण्याची नामुष्की होते. मूल आळशी आहे, मोबाइलपायी बिघडले आहे, शिकवणीवाला बरोबर नाही, असे सांगत सांगत तीन शिकवण्या बदलल्या जातात. तपासणीचे नाव काढले की आजीच्या डोळ्यांपुढे येरवड्याचे इस्पितळ उभे राहते. आमच्या या भागात ते इस्पितळ हाकेच्या अंतरावर असल्याने ‘येरवड्याला धाडा’ ही थट्टा पुणेकरांच्या तोंडी फारच बसली आहे. पुढे लग्न ठरताना कागद आडवा येईल, असे एका सुविद्य मातेने मला सांगितले. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता! हे गृहस्थ, या बाई वाईट नव्हेत. पण मुंजीत सर्वांदेखत संध्या खणखणीत म्हणून दाखविणारा बटू तीच संध्या पुस्तकातून वाचू शकत नसेल, तर घरातील एखाद्याने तरी ते ध्यानात घेऊन बोलावे. आपल्या आळीतील अशी तीन घरे मला ठाऊक आहेत. त्यांतील एकानेही अजून शाळेकडे अर्ज केलेला नाही.

असो. आता माघ चालू आहे. सहामाहीस त्या मुलाची परिसर अभ्यासाची परीक्षा तोंडी झाली. वर्गशिक्षिका वयाने माझ्या नातीएवढी. तिने मधल्या सुटीत त्याला शेजारी बसवून प्रश्न वाचून दाखविले. नंतर ती मला म्हणाली, "सर, हा तर पाण्याच्या पंपाविषयी मलाच शिकवत होता." इंग्रजीत अजून त्याची फार ओढाताण होते. पुढल्या वर्षी पाचवी, तिची वार्षिक परीक्षा आता नापास करणारी. त्याआधी कागद पुरे व्हावेत अशी धडपड आहे. रुग्णालयाच्या दोन खेपा झाल्या, तिसरी व्हावयाची आहे.

संध्याकाळी अर्धा तास तो माझ्याकडे येतो. माझ्या आजोबांच्या लहानपणी पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. पाटावर धूळ पसरून तीत बोटाने अक्षर गिरवावयाचे. तिकडे मॉन्टेसरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने चाचपावयास लावली, अमेरिकेत ऑर्टन व गिलिंगहॅम यांनी अशा मुलांसाठी डोळा, कान व हात यांची जोड देणारी पद्धत बसविली. आमच्या घरी सौभाग्यवतींच्या डब्यातील रवा ताटात पसरून काम भागते. मुलगा बोटाने अक्षर काढतो, काढताना त्याचा उच्चार करतो, डोळे मिटून पुन्हा काढतो. दिवसाला दोन अक्षरे, फार तर तीन. त्याच ओघात रफार समजला. वेलांटी अजून चकविते.

दुकान बंद करून बाप त्याला न्यावयास येतो आणि दाराशी उभा राहून पाहतो. गेल्या आठवड्यात मुलगा खेळावयास पळाला तरी तो गेला नाही. हात धुऊन आला, ताटापुढे बसला, आणि वंगणाने कायमचे काळे झालेले बोट रव्यात फिरवून त्याने दोन अक्षरे शेजारी शेजारी काढली. बराच वेळ पाहून म्हणाला, "‘घ’चं डोकं झाकलेलं आणि ‘ध’चं उघडं. एवढाच फरक होय, गुरुजी?"

मी म्हणालो, "होय, एवढाच."

त्याने ताट हलवून रवा सारखा केला, आणि ती दोन अक्षरे पुन्हा काढली.